माझ्या मानेतली चीर

"मामा, ह्या काठीनं माणूस मेलाय म्हणतात. खरं का हो?"

हा प्रश्न शामलाच्या डोक्यातला नव्हता. लीला आणि वनमाला, तिच्या दोन मैत्रिणी, त्यांनी तिला पैजेवर पाठवलं होतं. "विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातली शेंगापोळी तुझी," असं लीलानं छाती ठोकून सांगितलं होतं. आता दोघी नळदुर्गच्या डाकबंगल्याच्या फाटकाआड दडून बघत होत्या. शामला नववीत होती. वर्गात गुरुजींनी नाव पुकारलं तर 'हजर'सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणणारी. व्हरांड्यात उभी राहिली तेव्हा तिच्या परकराची किनार थरथरत होती. मला भिंतीवरून सगळं दिसत होतं.

धोंडप्पा, डाकबंगल्याचा चौकीदार, कंदिलाची काच पुसत होता. त्यानं मान वर केली.

"मेला न्हाय," तो म्हणाला. "थोडा गेला." आणि त्यानं आपल्या डाव्या, पांढऱ्या पडलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं.

फाटकाआडच्या दोघी किंचाळत पळाल्या. शामला मात्र जागची हलली नाही.

"म्हणजे तुमचाच?"

"माझाच. बस खाली. विचारलंस तर ऐकून जा."

त्यानं त्याची बाजू सांगितली. मित्रांनो, माझी बाजू मला सांगू द्या.

मी एक जुनी काठी आहे. गुरं वळायची नव्हे, म्हाताऱ्यांनी टेकायची नव्हे. गोल्फ नावाच्या साहेबी खेळातली. त्या खेळात चेंडू लांबात लांब पाठवायला जी मोठ्या डोक्याची काठी लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या हमरस्त्यावर ड्रायव्हर म्हटलं की ढाब्यावर बशीतून चहा पिणारा ट्रकवाला डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथं मला सगळे काठीच म्हणतात. म्हणू देत बापडे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड गावातला. माझं डोकं आपल्या तेंदूच्या भाऊबंदातल्या एका झाडाचं, दांडा दुसऱ्याच एका लवचिक झाडाचा. कारागिरानं दोन्ही तिरके तासले, सरस लावून एकमेकांना चिकटवले आणि त्या सांध्यावरून, म्हणजे माझ्या मानेवरून, मेणाचा काळा दोरा गच्च गुंडाळला. दोऱ्याचा शेवटचा वेढा देताना तो काहीतरी पुटपुटला. त्याची भाषा मला कळली नाही. सूर मात्र ताकीद देण्याचा होता.

माझ्या दांड्याला लवचिकपणा फार. ज्याचा झोका संथ, लांब, पाळण्यासारखा, त्याच्या हातात मी सोनं. पण घाईनं हिसका देणाऱ्या माणसाच्या हातात माझं डोकं मागं राहतं आणि दांडा पुढं पळतो. सगळा ताण मानेत येतो. हा काही माझा दोष नाही हो! मी तशीच आहे. हिसका देणाऱ्याला ताठ दांड्याचीच काठी हवी.

सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या साहेबानं मला निवडलं. निवडलं कसं? त्याच्या वरच्या साहेबाकडं लांब काठी होती, म्हणून ह्यालाही लांबच हवी. माणूस बुटका, तापट. चेंडू असा मारायचा, जसा साप मारतोय. त्याच्या काठ्यांची पिशवी वाहायला बावीस वर्षांचा धोंडप्पा होता. रोज दहा साहेबांचे झोके बघून त्याची नजर तयार झाली होती. साहेबानं मला उचललं तेव्हा धोंडप्पानं तोंड उघडलं. मला ते स्पष्ट दिसलं. मग त्यानं ते मिटलं. पिशवी वाहणाऱ्यानं बोलायचं नसतं.

दोन वर्षं माझी मान कुरकुरत राहिली. एका सकाळी साहेबानं हिसका दिला आणि मी मोडले. दांडा त्याच्या हातात राहिला, डोकं उडालं. चेंडूच्या बाजूला धोंडप्पा उभा होता.

पुढचं मला सांगवत नाही.

साहेब देश सोडून गेला तेव्हा त्यानं पिशवीतल्या तीन काठ्या धोंडप्पाला बक्षीस दिल्या. मी, एक मधली ताठ काठी आणि मडमेची आखूड, हलकी काठी. डोळ्याच्या बदल्यात तीन काठ्या! धोंडप्पानं मला एका सुताराकडून पुन्हा सरसानं चिकटवून घेतलं, नवा दोरा गुंडाळला. पुढं निजामी गेली, धोंडप्पा आपल्या गावी नळदुर्गला आला, चौकीदार झाला, आणि आम्ही तिघी डाकबंगल्याच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलो.

तुम्हाला वाटेल, तिथं माझे हाल झाले असतील. उलट! धोंडप्पानं मला देवासारखं जपलं. दर खंडेनवमीला लोक नांगर, विळे, मापं, तराजू पुजतात ना, तसा तो आम्हाला पुजायचा. तांब्याभर पाण्यानं न्हाऊ घालायचा, हळदकुंकू लावायचा, गळ्यात झेंडूचं फूल अडकवायचा. मी भरून पावायचे. पण त्या न्हाण्यातलं थोडं पाणी दोऱ्याखालून मानेत उतरायचं. सरस पाण्याला मऊ पडतो, मित्रांनो. पहिल्या वर्षी नुसतं गार वाटलं. चौथ्या वर्षी आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. दहाव्या वर्षी माझ्या मानेत चीर होती, आणि वरून मी तेलानं चकचकत होते. येणारा प्रत्येक पाहुणा आधी मलाच हात लावायचा.

त्या पैजेच्या दिवसानंतर शामला रोज शाळा सुटली की यायला लागली. शेंगापोळ्या संपल्या तरी यायची. धोंडप्पानं तिला आम्हा तिघींपैकी एक उचलायला सांगितलं. तिनं अर्थातच मला उचललं.

"का ग हीच?"

"लांब आहे. छान दिसते."

"दिसण्यावर गेलीस व्हय? ठेव तिला. तिघी फिरवून बघ, एकेक करून. डोळे मीट अन् ऐक."

शामलानं डोळे मिटून फिरवलं. मी तिच्या पाठीमागंच सूं करून ओरडले. मधली काठी ओरडलीच नाही, जड झाली तिला. मडमेची आखूड काठी बरोबर चेंडूच्या जागेपुढं सूंऽऽ करून गेली.

"ही!" शामला डोळे मिटूनच ओरडली. "मामा, ही! ही पुढं ओरडली!"

"हां. आवाज मागं आला तर काठी तुझ्या हाताला न्हाय. चेंडूच्या पुढं आला तर तुझी. आधी आपला झोका वळखायचा, मग काठी उचलायची. एवढंच हाय बघ हे शास्त्र."

चार महिन्यांत ती ओल्या मातीच्या चिमटीवर चेंडू ठेवून माळावर दीडशे पावलं पाठवायला लागली. वर्गातही तिचा आवाज वाढला. "काय ग, तोफ गिळलीस का?" असं वनमाला चिडवायची. मी भिंतीवरून बघायचे. तिनं मला सोडून आखूड काठी निवडली तेव्हा वाटलेला हेवा आता संपला होता. मला फक्त एकच भीती होती, की एखाद्या दिवशी कुणीतरी घाईचा माणूस येईल आणि मला उचलेल.

तो ह्या बुधवारी आला.

हिंमतराव साहेब, नवे इंजिनिअर. जाड टाचांचे बूट, चालणं असं की मागच्याला धावावं लागावं. मागून धावत होते त्यांच्या कचेरीतले कारकून अंबादासराव, म्हणजे शामलाचे वडील. अंबादासरावांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कायम करण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी थांबला होता.

"अरे वा! गोल्फ? इथं?" साहेबांनी थेट मला खिळ्यावरून उतरवलं. बाकी दोघींकडं पाहिलंही नाही, एकेक फिरवून ऐकलं नाही. "पुण्याला मी खेळायचो. काय देखणी आहे ही!" त्यांनी व्हरांड्यातच एक हिसका दिला. साप मारायचा हिसका. पंधरा वर्षांनी तोच झोका माझ्या दांड्यातून गेला आणि माझी चीर बोटभर खाली सरकली.

किच्च.

शामला खांबापाशी उभी होती. तिनं ऐकलं. धोंडप्पानंही ऐकलं.

"रविवारी माळावर दाखवू सगळ्यांना," साहेब म्हणाले. "अंबादास, हेडमास्तरांना सांगा, मुलं आणा. दोन्ही बाजूंनी रांगा करून उभी करा. जवळून बघू द्यात."

"होय साहेब."

दोन्ही बाजूंनी रांगा. जवळून.

शामलानं तोंड उघडलं. अंबादासरावांनी नुसतं तिच्याकडं बघितलं, आणि तिनं ते मिटलं. अगदी तसंच, जसं सिकंदराबादला मी एकदा बघितलं होतं.

आज शनिवार. शाळा लवकर सुटली. शामला धापा टाकत आली, मला उतरवलं आणि माझ्या मानेवर अंगठा दाबला. दोऱ्याखालून पिवळसर भुगा तिच्या तळहातावर पडला.

"मामा, हे बघा. हा सरस ना? ह्याची तर माती झालीय."

धोंडप्पानं भुगा चिमटीत घेतला, चोळला, वास घेतला.

"दरसाल न्हाऊ घातलं मी तिला," तो म्हणाला. "मीच."

"तुम्ही साहेबांना सांगा ना!"

"काय सांगू? चौकीदार इंजिनिअरला शिकवतो म्हणतील. ही नोकरी गेली तर कुठं जाऊ?" त्यानं चांगल्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. "ह्या एका डोळ्यानं मला लई नीट दिसतं ग पोरी. तोंडच उघडत न्हाय. तवाबी उघडलं न्हाय." मग त्यानं मला एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "माझी वस्तू हाय, मी तुला दिली. तू तिचं काय करशील ते कर. मी विचारणार न्हाय."

मित्रांनो, सगळ्या वस्तू तुम्हाला सांगत असतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मीही तेच सांगणार होते, चकचकीत शब्दांत. पण आता माझं म्हणणं वेगळं आहे. नुसतं तेल लावलंत, फूल वाहिलंत, म्हणजे जपलं असं होत नाही. आमच्या आत बघा. कुरकुर ऐका. आणि एखादी वस्तू जपण्यापलीकडं गेली असेल, तर तसं मोठ्यानं म्हणा. माझी पूजा करणारे पुष्कळ भेटले. माझ्या मानेवर अंगठा दाबून बघणारी एकच भेटली.

आत्ता मी शामलाच्या घरात, पाटावर आडवी आहे. फडकं सोडलेलं आहे. तिची आई, गिरिजाबाई, सुपात ज्वारी पाखडता पाखडता थांबली आहे. अंबादासराव टोपी काढायचीही विसरलेत.

"साहेबांनी पसंत केलेली काठी उचलून आणलीस?" ते म्हणाले. "अग, उद्या सकाळी ते मागतील! आत्ताच्या आत्ता ठेवून ये."

"अण्णा, दाबून बघा एकदा. इथं."

"मला काय कळतंय त्यातलं? साहेब पुण्याला खेळलेत."

"खेळले असतील. पण ही घेताना त्यांनी एकदाही फिरवून ऐकली नाही. देखणी दिसली म्हणून घेतली. अण्णा, रांगेत लीला उभी राहणार, वनमाला उभी राहणार. धोंडप्पा मामांचा डोळा बघितलाय ना तुम्ही?"

अंबादासरावांनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच वाकून अंगठा ठेवला आणि दाबला. मी किच्च केलं. जितक्या मोठ्यानं करता आलं तितक्या मोठ्यानं केलं.

त्यांनी हात झटकन मागं घेतला. बोटाला लागलेला भुगा धोतराला पुसला. "पण सही," ते पुटपुटले. "माझ्या कागदावर सही व्हायचीय, शामे."

"पोरीच्या जातीला कशाला ही भांडणं," गिरिजाबाई म्हणाल्या. पण सूप त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

शामलानं मला उचललं, दोन्ही हातांत आडवं धरलं. तिचे हात गरम होते, आणि जराही थरथरत नव्हते. मला भीती वाटली का? वाटली. पण रविवारच्या भीतीपुढं ती काहीच नव्हती. मी मान ढिली सोडली.

"आई, अण्णा, ऐका," ती म्हणाली. "मी ही काठी आत्ता, तुमच्यासमोर मोडणार आहे. उद्या पोरांच्या रांगा लागायच्या आधी हिचे दोन तुकडे घेऊन मीच साहेबांपुढं जाईन. तुम्ही यायचं नाही, अण्णा. मी मोडली म्हणून सांगेन, का मोडली तेही सांगेन, आणि मग ती मधली ताठ काठी त्यांच्या हातात देऊन म्हणेन, साहेब, डोळे मिटा आणि फिरवून ऐका."