मागच्या दाराचा फ्लडलाइट

साऱ्या वस्तीला उजेड पुरवणारा वायरमन, आणि त्याच्याच मागच्या दारी मिट्ट काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो? न्हाणीघर मागे, कपड्यांची दोरी मागे, फटफटी लावायचं फाटकही मागेच. त्याच पायऱ्यांवरून त्याची बायको गेल्या वर्षी पहाटे घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, दुखणं राहिलं. "अहो, एक दिवा लावा ना तिथे," हे तिचं पालुपद, आणि "लावतो गं, पळून जातोय का दिवा?" हे त्याचं.

म्हणून त्या संध्याकाळी तो खोकं उघडून फ्लडलाइट काढून बसला, तेव्हा तिचा आधी विश्वासच बसेना. तो मागच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "बॅटरी धर."

तिने दुखऱ्या हातानेच धरली. डाव्या हातात पक्कड होती ना!

"पिन नाहीये जवळ. तुझ्या इस्त्रीची काढतो."

"काढा की!" ती म्हणाली. इस्त्री गेली उडत. उद्या कामावर चुरगळलेली साडी नेसून जाईन, बाई, पण माझ्या पायऱ्यांवर उजेड पडू दे.

त्याचा हात मात्र देखणा चालायचा, हे तिलाही कबूल. वायर सोलली, लाल आणि काळी आपापल्या जागी कसली, हिरवी जाड पिनला लावली. हिरवी जरा लांब ठेवलेली पाहून तिने विचारलं, "ही का अशी सैल?"

"अर्थिंग आहे ती. ओढाताण झाली तर बाकीच्या तुटल्या तरी चालतील, ही शेवटपर्यंत टिकली पाहिजे. जीव वाचवते ती."

किती समजून सांगतोय, असं वाटून ती हरखली. वेडी!

त्याने दिवा दारावरच्या खिळ्याला अडकवला, वायर खिडकीतून आत घेतली आणि ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये पिन खुपसली. लख्ख! तिसऱ्या पायरीची फुटकी कड दिसली, शेवाळ दिसलं, महिन्यामागे हरवलेला तिचा चिमटाही कुंडीमागे सापडला. तिचे डोळे भरून आले. "चहा टाकते," ती म्हणाली, "आलं घालून."

"राहू दे. धाकटा भाऊ वाट बघतोय." त्याने फट्कन पिन उपटली, दिवा उतरवला आणि वायर गुंडाळायला लागला.

"म्हणजे?"

"नवी गाडी घेतलीय ना त्याने. त्याच्या अंगणात उभी असते. कुणी ओरखडा काढला म्हणजे? चालतोय का ते इथे बघून घेतलं, तिथे फजिती नको."

"आणि इथे?"

"इथे काय सोनं ठेवलंय? लावू की सावकाश."

म्हणजे गाडीला ओरखडा नको आणि बायकोचं मनगट मोडलं तरी चालेल! बोलून बोलून जीभ झिजली होती बिचारीची. इस्त्रीची वायर तेवढी पायरीवर पडली होती, तीन तारा उघड्या टाकून.

तो दिवा पोटाशी धरून दाराबाहेर पडला. दोन्ही हात गुंतलेले, फाटकापाशी फटफटी, आणि मध्ये काळोख. इतक्या लख्ख उजेडानंतर तर डोळ्यांपुढे सगळं काळंच. पहिल्याच पायरीवर पाय चाचपडला.

"अगं, बॅटरी दाखव जरा! काही दिसत नाहीये मला."

बॅटरी तिच्या हातातच होती, चालू. तिने ती विझवली.

"सावकाश उतरा," ती म्हणाली. "सवय होते."

आणि तिने आतून दार लावून घेतलं.