माझी बाजूवाली कोण?

आमची हेमांगीताई बोईसरच्या केमिकल कंपनीत सेल्स मॅनेजर होती, तेव्हा किनाऱ्यावरच्या आमच्या नवापुरात आईचा रुबाब काय वर्णावा. मासळी विकायला बसली तरी गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी लेकीची गाडी कुठली ते सांगायची. आणि एक दिवस ताईनं नोकरी सोडली. चाळिशीला टेकलेली बाई सार्वजनिक धोरण शिकायला मुंबईला कॉलेजात जाऊन बसली. गावानं विचारलं, आता कलेक्टर होणार काय? आईनं दोन वर्षं तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला मात्र ताईचा हेवा वाटायचा. मासळीनं बोट भरून आल्यावर मी जसा बोलतो, तशी ती वर्गातल्या वादांबद्दल बोलायची.

एम. ए. झाली आणि जिल्ह्याच्या एका किनारा प्रकल्पात तिची नेमणूक झाली. पगार कंपनीच्या निम्मासुद्धा नाही, पण बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनात. पहिलंच काम आमच्या गावचं निघालं. बोंबील वाळत घालायच्या आमच्या बांबूच्या वलांड्या दरवर्षी कुजतात, मोडतात. त्यांच्या जागी पक्क्या, लोखंडी खांबांच्या वलांड्या, खाली सिमेंटचा ओटा, बाजूला नळ. अट एकच: महिला ग्रामसभेनं ठराव केला पाहिजे. नाही केला, तर निधी दुसऱ्या गावाला जाणार.

सभा शाळेत भरली. प्रोजेक्टर उचलायला म्हणून मला आत घेतलं होतं. ताईनं चित्रं दाखवली, बायका खूश झाल्या. नळाचं चित्र आलं तेव्हा तर सुगंधाकाकीनं टाळी वाजवली. मग ताईनं सांगितलं की प्रत्येकीची जागा चिठ्ठ्या टाकून ठरेल, म्हणजे कुणाचा वशिला नको आणि कुणावर अन्याय नको.

बायकांत कुजबुज सुरू झाली. उठली कोण, तर आमची आई.

"मला नको तुजी वलांडी," ती म्हणाली. "मी बाजारात गेली आन् आभाळ भरून आला, तर माजे बोंबील कोन काढनार? चिठ्ठी?"

आईचं खोटं नव्हतं. आमच्याकडे जागेपेक्षा बाजूवाली महत्त्वाची. एक बाजारात गेली की दुसरी तिच्या मासळीवर नजर ठेवते, कावळे हाकलते, पावसाचा थेंब पडायच्या आत सगळं गोळा करते. ताई याच वलांड्यांखाली वाढली, तरी नेमकं हेच विसरली. तरीपण मला आईचा राग आला. दोन वर्षांचं उट्टं काढायला हिला आजचाच दिवस सापडला, असं वाटलं.

ताईचा चेहरा लाल झाला. आता ही कंपनीतल्यासारखी गोड बोलून सौदा पटवणार, असं मी धरून चाललो होतो. तिनं प्रोजेक्टर बंद केला आणि सरळ बायकांत येऊन बसली.

"चुकलाच माजा," ती घरच्या बोलीत म्हणाली. "तुमीच सांगा, कोनाला कोनाची बाजू पायजे?"

मग जे झालं त्याला सभा म्हणायचं की शिमगा, देव जाणे. सगळ्याजणी पटांगणात धावल्या आणि बाजूवालीचा हात धरून ओळीत उभ्या राहायला लागल्या. सुगंधाकाकीनं पारूला ओढत आणलं. जिवलीआजी आईला जाऊन चिकटली. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावासुद्धा शेजारी उभ्या राहिल्या. भांडण भांडणाच्या जागी, बोंबील बोंबलाच्या जागी. ताई खडू घेऊन प्रत्येकीच्या पायाशी रेघ मारत पळत होती, केस सुटलेले, साडीला धूळ. कंपनीची मोठमोठी कंत्राटं मिळाली तेव्हाही मी तिला एवढं खूश पाहिलं नव्हतं. माझ्याही अंगात वारं शिरलं, मी शिट्टी मारली.

ग्रामसेवकानं सगळ्यांना कसंबसं गप्प केलं आणि विचारलं की ठरावाला सूचक कोण. ताईनं मान खाली घातली. आईकडे बघायची तिची हिंमत झाली नसावी.

"दमयंती आत्माराम तांडेल," आई खणखणीत आवाजात म्हणाली. "लिवा माजा नाव."

ग्रामसेवक भला माणूस, पण नको तिथं चौकस. मॅडम तुमचीच मुलगी ना, असं त्यानं हसत विचारलं.

"लेक माजी हाय," आई म्हणाली, "पन ठराव आमचा हाय."

ताईनं मान वर केली. समोर सगळे हात वर होते, आणि ते मोजायचं काम तिचं होतं. डोळे पुसता पुसता तिचा आकडा दोनदा चुकला, तरी एकीनंही हात खाली घेतला नाही.