फोन बंद असलेली दुपार

माहुलच्या कोळीवाड्यात रामनाथ घराच्या ओट्यावर जाळं शिवत बसला होता आणि त्याची लेक विनिता पाठीला सॅक अडकवून निघायच्या घाईत होती.

"दिवसाढवळ्या कसले गं बाय तारे बघणार?"

"रेडिओ दुर्बिणीला ऊन आडवं येत नाही, बाबा. लांब कुठेतरी एक तारा कोसळला. गॅमा किरणांचा झोत निघाला आणि विझलाही."

"विझला? मग आता काय राख चाळतेस?"

"त्याची धग मागे राहते. ती रेडिओत उशिरा दिसते. पुन्हापुन्हा बघत राहावं लागतं."

"बघ. पोचलीस की फोन कर."

"तिथे फोन बंद ठेवतात. अँटेनांना त्याचा गोंगाट होतो."

"मग तुझ्या आत्याला नको नेऊ तिकडं." तो हसला. हसताना त्याने छाती चोळली.

"काय होतंय?"

"काल जाळं ओढलं ना. कोळ्याची पोर नि भितेस?"

हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. वादळात त्याची होडी परतेना, तेव्हाही काठावर ती दात आवळून उभी राहिली होती.

नारायणगावजवळच्या दुर्बीण केंद्रावर तिने दारातच फोन बंद केला. दुपारभर पडद्यावर नुसती खरखर उमटत राहिली. हव्या त्या जागी काहीच नव्हतं. पहिल्या खेपेला बहुधा नसतंच. बाहेर येऊन तिने फोन सुरू केला, तर बाबाचे कॉल, एकापाठोपाठ एक. सर्वांत वर भावाचा, विकीचा निरोप होता : ये. बाबा गेला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडले. कावळे पिंपळावर बसून होते, पण एकही खाली उतरेना.

"इच्छा राह्यली त्याची," सरूबाई आत्या म्हणाली. "बोला रे कोनीतरी. मोठ्यानं."

विकीने हात जोडले. "बाबा, होडी विकणार नाय मी."

कावळे हलले नाहीत.

"आन् मी कुनाशी भांडनार नाय, रामनाथा!"

"आत्या, खोटं बोललीस म्हणून तर येत नाय तो," मागून कोणीतरी पुटपुटलं.

सगळे विनिताकडे वळले. कावळ्यावर तिचा विश्वास नव्हता, तरी तीही पिंपळाकडे बघत होती. त्या दुपारी बाबा घरात एकटा होता. फोनवर तो काय बोलणार होता, ते आता कधीच कळायचं नव्हतं. कधी न भ्यालेला माणूस त्या रिकाम्या घरात भ्याला असेल, या एका विचाराने तिची झोप उडाली होती. भ्यालोय असं म्हणायची रीत त्यांच्या घरात नव्हतीच. मग तिने फोन उचलला असता, तरी तो काय म्हणाला असता?

आत्याने तिच्या पाठीत बोट रुतवलं. "बोल गं बाय. तुझ्यापायीच अडलाय."

ती पुढे झाली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला भीती वाटते. तुझी होडी उशिरा यायची, तेव्हाही वाटायची. तुला वाटली असेल तर वाटू दे. मी आहे. माझा फोन चालू आहे."