एका भुईनळ्यापुरतं ऊन

मी एक जुनी सुपली आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटाला करंगळी जाईल एवढं भोक आहे. भोक पडलेल्या सुपलीत दाणा ठरत नाही. तरीही भाईंदरच्या एका घरात मी आठ वर्षं खुंटीवर मानानं बसले आहे. ते का, एवढीच माझी गोष्ट.

माझा जन्म शेजारच्या मोरवा गावाच्या वाटेवर एका चिंचेखाली झाला. बांबूच्या पातळ पट्ट्या एकीखालून एक सरकवत एक बुरुडीण मला विणत होती आणि विणता विणता स्वतःशीच गुणगुणत होती,

बांबू माझा बाप गं, बुरुडीण माझी आई
सुपलीच्या ओटीमधी ऊन खेळाया गं येई

त्या ओळी माझ्या वेणीत अडकल्या त्या आजतागायत आहेत. मला विकत घेताना मनोरमावहिनींनी विचारलं की ही टिकेल ना. तेव्हा बुरुडीण म्हणाली, "हिला ऊन दाखवत जा ताई. उन्हावर जगते ही."

मनोरमावहिनी गिरगावातून नुकत्या भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. सासूबाईंचं मोठं सूप मावणार नाही म्हणून मागेच राहिलं आणि माझं नशीब उघडलं. घरी आल्या आल्या त्यांनी भिजवलेल्या मेथ्या आणि कागदाचा लगदा एकत्र वाटून माझ्या फटी लिंपल्या. मग मी तांदूळ पाखडले, पोहे पाखडले, डाळीतले खडे वेचायला मांडीवर बसले. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणे. जातं तर गिरगावातच सुटलं होतं, म्हणून माझ्यातले दाणे नुसतेच हसायचे.

पण माझं खरं कौतुक व्हायचं ते दिवाळीत.

आमच्या गच्चीवरून तेव्हा मिठागरं दिसायची. मिठाचे पांढरे ढीग ओळीनं, जणू कुणी रात्रभर चांदणं पाखडून खाली रास लावून ठेवली आहे. दिसायला मोठं सुंदर. पण त्या खारट हवेत काही म्हणता काही कोरडं राहत नसे. काडेपेटीतल्या तीन काड्या वाया गेल्याशिवाय चौथी पेटायची नाही. सकाळी तळलेली चकली संध्याकाळी वाकायची. मग फटाक्यांची काय कथा! म्हणून दिवाळीआधी आठवडाभर रोज दहा ते चार बिल्डिंगमधल्या पोरांचे फटाके गच्चीवर उन्हात पडायचे. कुणाचे वर्तमानपत्रावर, कुणाचे ताटात. पिंकीचे मात्र माझ्यात.

पिंकी ही मनोरमावहिनींची मुलगी. आणि पिंकीचे म्हणजे एकटीचे नव्हेत, तिचे आणि संघीचे. संघी म्हणजे तळमजल्यावरच्या कोंडिरामकाकांची संघप्रिया, मराठवाड्याकडची. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजन नसायचं. पण फुलबाजीला कुणाचं आमंत्रण लागत नाही. दोघी नऊ वर्षांच्या. फुलबाज्या, भुईचक्रं, नागगोळ्या, सगळं माझ्या ओटीत मांडून दोघी पहाऱ्याला बसायच्या आणि पापड उलटावेत तसा एकेक फटाका उलटायच्या. भुईनळ्यांवर संघीचा भारी जीव. ती म्हणायची की त्याच्या पोटात एक झाड झोपलेलं असतं.

एक्क्याण्णव सालच्या दिवाळीला चार दिवस होते. माझ्यात दहा भुईनळे ऊन खात होते. संघी त्या दिवशी वर आली ती भिंतीला टेकूनच बसली. तिच्या हाताचा चटका मला उन्हापेक्षा जास्त लागला. टायफॉइड निघाला. दोन दिवसांनी कोंडिरामकाका तिला चादरीत गुंडाळून रिक्षात बसवत होते, बोरिवलीच्या दवाखान्यात न्यायला. पिंकी मला छातीशी धरूनच खाली धावली होती. संघीनं माझ्यातला सगळ्यात मोठा भुईनळा बोटानं दाखवला.

"हा माझा. ठेवशील?"

"ठेवते. तू येईपर्यंत लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही," पिंकी म्हणाली.

रिक्षा गेली. माझ्यात एक वचन राहिलं, मित्रांनो. ते तांदळाहून हलकं आणि वरवंट्याहून जड होतं.

दिवाळी आली. नऊ भुईनळे बहरून विझले, दहावा माझ्या कोपऱ्यात बसून राहिला. पुढे तुळशीचं लग्न आलं. लग्न लागलं की उरलेसुरले फटाके तिथेच उडवून टाकायचे, त्यानंतर घरात दारू ठेवायची नाही, हा आमच्या बिल्डिंगचा शिरस्ता. संघीचा ताप उतरून पुन्हा चढला होता. तिच्या परतण्याचा पत्ता नव्हता. पिंकीचा मोठा भाऊ अभिनव मला उलटीपालटी करून दहावा भुईनळा शोधू लागला. कंजूष मावशी, भुईनळ्याचं लोणचं घालणार आहेस का, असं चिडवून झालं. पिंकीनं सापडत नाही म्हणून सांगितलं. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं मी ऐकलं.

भुईनळा सापडणार कसा? समोरच्या हंसाबेनकडे पिंकी एकदा बटाट्याची भाजी पोचवायला गेली होती. त्यांच्या मीठदाणीत मिठाबरोबर तांदळाचे दाणे होते. ते कशाला, असं विचारल्यावर हंसाबेन म्हणाल्या होत्या, "इधर की हवा में नमक रोता है बेटा. चावल उसका पानी पी जाता है."

पिंकीनं ते ऐकलं आणि भुईनळा तांदळाच्या डब्यात खोल पुरला. तांदूळ हवेतला ओलावा पिईल, भुईनळा कोरडा राहील. नऊ वर्षांच्या डोक्याला याहून चांगला हिशोब कुठला सुचणार? डबा शेगडीपासून हातभर अंतरावर आहे, एवढंच त्यात धरायचं राहिलं.

आठ दिवसांनी मनोरमावहिनी तांदूळ पाखडायला बसल्या. शेगडीवर डाळ रटरटत होती. त्यांनी डबा माझ्यात कलता केला. दाणे आले, दाणे आले, आणि दाण्यांबरोबर धपकन तो आला.

वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली. भुईनळा उचलून त्या न्हाणीघराकडे निघाल्या. तिथे पाण्याची बादली भरलेली होती. फटाक्याला मारायचं तर पाण्यात बुडवायचं, हे काय सांगायला हवं?

पिंकी शाळेतून तेवढ्यात आली. दप्तरासकट धावली आणि बादलीच्या तोंडावर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो. अख्खं घर पेटलं असतं, कळतंय का तुला?"

"आई, भिजला की मेला तो," पिंकी म्हणाली. "मग मी संघीला काय सांगू?"

न्हाणीघरात नळ ठिबकत होता. वहिनींनी लेकीला सगळं विचारून घेतलं. रिक्षा, वचन, मीठदाणी, सगळं. आदल्याच दिवशी वैजयंताकाकू, म्हणजे संघीची आई, डबा न्यायला घरी आल्या होत्या आणि जिन्यात बसून रडल्या होत्या, ते वहिनींनी पाहिलं होतं.

पडलेला दाणासुद्धा पदरानं पुसून डब्यात टाकणारी ती बाई. तिनं दारूचा वास लागलेले सगळे तांदूळ टाकून दिले. मग भुईनळा माझ्यात ठेवला आणि म्हणाली, "घरात नाही ठेवायचा. ऊन असेल तोवर गच्चीवर, ऊन कललं की तिथल्याच कोनाड्यात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. आणि नेणार मी. तू हात लावायचा नाहीस."

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. रोज दहा वाजता वहिनी मला कमरेवर घेऊन जिना चढायच्या. एवढ्या सुपलीत एकच ते मातीचं बाळ. थंडीतलं ऊन कोवळं असतं, ते गच्चीवर सरकत जायचं आणि त्याच्यामागून वहिनी मला सरकवायच्या. खालच्या मिठागरात माणसं मीठ ओढायची, त्याचा खरखर आवाज अंगाईसारखा वर यायचा. मला वाटायचं, दूर दवाखान्यात खाटेवर एक मुलगी आहे आणि इथे तिच्या नावानं मी ऊन पाखडते आहे. फोल तेवढं वाऱ्यावर जाऊ दे, सत्त्व तेवढं तिच्यापाशी पोचू दे. हंसाबेन हसून विचारायच्या, भाभी, आज बेबी को धूप दिया? वहिनीही हसायच्या. नऊ दिवस त्यांचा एकदाही खाडा झाला नाही.

डिसेंबरच्या पाच तारखेला संध्याकाळी संघी घरी आली. केस कापलेले, मान देठासारखी. पिंकी दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली धावली, आज लावूया म्हणून. वैजयंताकाकूंनी तिला जवळ घेतलं. आतल्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती तेवत होती आणि कोंडिरामकाका पांढरे कपडे घालून दादरला निघाले होते.

"आज सहा डिसेंबर ना बाळा. आज नको," काकू म्हणाल्या. "उद्या लाव."

महिनाभर थांबलेल्या पिंकीनं आणखी एक दिवस थांबायचं कबूल केलं. त्या दिवशी नेमकं आभाळ आलं. ऊन पडलंच नाही.

सात तारखेला दिवे लागायच्या वेळी सगळे गच्चीवर जमले. संघीला खुर्चीत शाल पांघरून बसवलं. पाण्याची बादली भरून ठेवली. भुईनळा मधोमध मांडला आणि मला घाईत तिथेच बाजूला टेकवून पिंकी उदबत्ती घेऊन वाकली.

वात लाल झाली आणि विझली. दुसऱ्यांदा लावली. थोडा धूर आला आणि मग काहीच नाही. अभिनव पुढे जाऊ लागला तसा वहिनींनी त्याचा दंड धरला. गप्प बसलेल्या फटाक्याजवळ जायचं नसतं. "गेला," अभिनव हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात चिडवणं उरलं नव्हतं. पिंकी संघीकडे बघेना.

तेवढ्यात फुस्स झालं. एक ठिणगी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी. झाड उंच गेलंच नाही; गुडघ्याएवढं, रोपट्याएवढं उगवलं आणि सावकाश फुलत राहिलं. इतर भुईनळे डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपतात. हा दम खात, थांबत थांबत येत होता.

"माझ्यासारखाच झालाय," संघी म्हणाली. आणि पिंकी काही बोलणार तोच संघीनं तिचा हात धरला. "हळू येतोय गं. येऊ दे."

वैजयंताकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्या उजेडात लेकीच्या गालावर महिनाभरानं रंग दिसत होता. तो भुईनळ्याचा होता की तिचा स्वतःचा, ते मला सांगता येत नाही. मी तरी कुठे नीट पाहत होते? त्याची शेवटची ठिणगी उडून माझ्याच पोटात येऊन बसली होती.

त्या भोकाची ही कहाणी. वहिनींनी दुसऱ्या दिवशी मेथ्या भिजत घातल्या होत्या, लिंपायला. दोन्ही मुलींनी लिंपू दिलं नाही.

आता दिवस पालटले. तांदूळ निवडून, पिशवीत बंद होऊन येतो. समोर उंच इमारत झाली. तिच्याआड मिठागरं गेली, ऊनही गेलं. गच्चीला कुलूप असतं. दर दिवाळीच्या साफसफाईत अभिनव मला अडगळीत काढतो. एका वर्षी तर मी कचऱ्याच्या पिशवीपर्यंत जाऊन आले. पण संघी अजून दर दिवाळीला वर येते. आता ती दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकते. आली की आधी माझ्या भोकात करंगळी घालते, मग फराळाला बसते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. तुमच्यापाशी कुणाचा वाटा राहून गेला असेल, तर तो संपवू नका आणि कोंडूनही ठेवू नका. त्याला रोज थोडं ऊन दाखवत जा. तो उशिरा फुलेल, बुटका फुलेल, पण फुलेल.

दोन इमारतींच्या फटीतून चारच्या सुमारास अजून थोडं ऊन आमच्या स्वयंपाकघरात येतं. ते माझ्या पोटातल्या भोकातून जातं आणि समोरच्या भिंतीवर एक लहानसा कवडसा पडतो. मनोरमावहिनी चहा गाळता गाळता थांबतात आणि तो सरकून जाईपर्यंत बघत राहतात.