एकेचाळीस चर्चांचा खण

रविवार, ९ फेब्रुवारी २००३. पहाटे दाट धुकं, नऊनंतर फिकं ऊन, रस्त्याकडेच्या चरांत आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी. त्या दिवशी मी गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसलो होतो.

मी एक लाकडी खण आहे. ओकचा, हातभर लांब, पितळी मुठीचा. अलाबामात काळ्या मुलांच्या एका शाळेच्या ग्रंथालयात आम्ही पंधरा खण एकाच कपाटात राहायचो आणि पुस्तकांची कार्डं सांभाळायचो. शाळा बंद झाली, पुस्तकं गेली, कपाट मोडलं. बाकीच्या चौदा भावंडांचं काय झालं, मला ठाऊक नाही. मला व्हर्लीन टॉलिव्हरने उचललं. ती त्याच शाळेत शिकली होती.

व्हर्लीन आता बावन्न वर्षांची आहे. खेड्यांतल्या काळ्या लोकांच्या चर्चना मदत करणारा एक कार्यक्रम आहे. आमच्या भागातलं त्याचं सगळं काम ती एकटी बघते. न्हाव्याच्या दुकानामागची एक खोली, एक फोन आणि मी, एवढाच तिचा कारभार. कार्यक्रमाचं मुख्य ऑफिस बर्मिंगहॅम शहरात; तिथून सुतार येतात, छपराचे पत्रे येतात, डोळे तपासणारे डॉक्टर येतात. कोण कुठे कधी जाणार, कुठला रस्ता पाण्याखाली जातो, किल्ली कोणाकडे मिळेल, हे ती सांगते. त्यासाठी माझ्यात एकेचाळीस कार्डं आहेत. एका चर्चला एक. माझ्या पोटातून आरपार गेलेली सळई ही कार्डं ओवून धरते. मी उलटा पडलो तरी एकही सांडत नाही.

सुरुवातीला मला वाटलं होतं, पुस्तकांपुढे ही कार्डं ती काय! मग व्हर्लीन एकेक लिहीत गेली आणि मी थक्क होत गेलो. चर्चं एकेचाळीस आणि पाद्री फक्त तेरा. कोणाकडे दोन चर्चं, कोणाकडे चार. पाद्री पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी इथे, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी तिथे. आपल्या चर्चला ज्या रविवारी कुलूप, त्या रविवारी माणसं शेजारच्या चर्चमध्ये जाऊन बसतात. हे कोणी बैठक घेऊन ठरवलेलं नव्हतं. आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. तरी इतक्या वर्षांत दोन पाद्री कधी एका दारात आमनेसामने आले नाहीत की कुठलं म्हातारं माणूस रविवारी एकटं राहिलं नाही. एवढी मोठी घडी माणसांनी नुसती लक्षात ठेवून जपली होती!

त्या घडीला ऑक्टोबरात धक्का बसला. बर्मिंगहॅमहून दुरुस्तीच्या कामांचा नवा अर्ज आला. त्यात एक प्रश्न होता : दर रविवारी उपासना होते का? व्हर्लीनने मला जवळ ओढलं, सगळी कार्डं चाळली आणि सव्वीस चर्चांपुढे स्वच्छ अक्षरात ‘नाही’ लिहिलं. खरं होतं तेच लिहिलं. उरलेल्या पंधरांत पाद्री नसेल त्या रविवारी गावातलेच डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, उपासना चालवत.

डिसेंबरात पाहणीला एक माणूस आला. नेमका दुसऱ्या रविवारी तो माउंट नेबो चर्चला गेला. त्याचा शेरा मी वाचला आहे : ‘दाराला कुलूप. माणूस नाही. एक कुत्रं.’ जानेवारीत पत्र आलं. सव्वीसही चर्चं बंद समजून यादीतून वगळली होती.

नेबोची लाकडी जमीन व्यासपीठापुढे वाळवीने खाल्ली होती. लोक मागच्या सात बाकांवर दाटीवाटीने बसत. जूनच्या आत जमीन नवी झाली नाही, तर सरकारी तपासनीस दाराला सील ठोकणार होता.

नेबोचे डीकन लुशस थ्रेडगिल ऑफिसात आले आणि टोपी न काढताच म्हणाले, “व्हर्लीन, ‘नाही’च्या जागी ‘हो’ लिही आणि मोकळी हो.”

“माझ्या खणात खोटं कार्ड नाही, डीकन.”

“तुझ्या खणात माझ्या गुडघ्यांचंसुद्धा कार्ड असेल!”

“आहे ना. ‘काम निघालं की दुखतात, जेवणाच्या वेळी बरे होतात.’”

डीकन हसले. ती मात्र हसली नाही. ते गेल्यावर तिने नेबोचं कार्ड वर काढलं आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग फोन वाजला. मदर अर्झुला मिनिफील्ड होत्या, वय एक्याण्णव, नेबोमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ.

“पोरी, मला मातीत जायचंच आहे,” त्या म्हणाल्या, “पण शवपेटीसकट फळ्या मोडून नाही. काय करतेस बोल.”

व्हर्लीनने फोन ठेवला आणि लगेच बर्मिंगहॅमला लावला. कार्यक्रमाचे प्रमुख रेव्हरंड फॉन्टेन बोलत होते.

“शेवटची यादी चौदा फेब्रुवारीला जाते, व्हर्लीनताई. काय कागद असतील ते पाठवा.”

“कागद नाही पाठवत, रेव्हरंड. तुम्हीच या. दुसऱ्या रविवारी.”

“पण दुसऱ्या रविवारी तिथे कुलूप असतं म्हणता ना?”

“म्हणूनच.”

ते आले. चकचकीत बूट घालून. गाडीचं पुढचं दार उघडायला गेले तर व्हर्लीन म्हणाली, “मागे बसा. पुढची सीट भरलीय.” ते मागे बसले.

नेबोला कुलूप होतं. व्हर्लीनने गाडी थांबवली, त्यांना ते नीट बघू दिलं आणि तशीच चार मैल पुढे बेथनी चर्चला नेली. अंगणात गाड्यांना जागा उरली नव्हती. आत डीकन थ्रेडगिल एकेक ओळ सांगत होते आणि सगळे ती सावकाश, लांबवत गात होते. त्या आवाजाने माझी सळई थरथरली.

गाणं संपलं. दोन्ही चर्चांचे पाद्री एकच, रेव्हरंड गेलार्ड. त्यांची परवानगी घेऊन व्हर्लीन मला छातीशी धरून उभी राहिली. “नेबोच्या लोकांनी उभं राहावं,” ती म्हणाली.

अडतीस माणसं उठली. फॉन्टेन बोटाने मोजत होते.

“आता बेथनीचे. पुढच्या रविवारी नेबोला कोण कोण येणार?”

उरलेली एकोणतीसही उठली. काठ्या टेकत, लेकरं कडेवर घेऊन. ज्यांची नावं मी इतकी वर्षं शाईत सांभाळली, ती माणसं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर उभी होती. मी खण आहे, मला श्वास नाही. पण तो रोखला जाणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

मदर अर्झुलांनी मागे वळून पाहिलं. “बाळा, तू कुठल्या चर्चचा?”

“बर्मिंगहॅमचा, मदर,” फॉन्टेन म्हणाले.

“मग ऊठ की. एकटा काय बसलास?”

ते उठले.

जेवणात तळलेली कोंबडी आणि मक्याचा ब्रेड होता. फॉन्टेननी आधी हात पुसले, मग माझी कार्डं एकेक करून वाचली. पहिलं ते शेवटचं. ताट गार झालं. मग खिशातून कोरा अर्ज काढून त्यांनी तो प्रश्न खोडला आणि वर लिहिलं : कोणकोणत्या रविवारी? आणि उरलेल्या रविवारी तुमची माणसं कुठे असतात?

हल्ली माझी कार्डं संगणकात भरली जात आहेत. माझी मूठ सैल झाली आहे, तळाला चीर गेली आहे. मला कुठे ठेवाल तिथे मी राहीन. तुमच्याकडे मागणं एकच : कुलूप दिसलं की ‘बंद’ लिहिण्याआधी शेजारच्या दारात डोकावून या.

माझ्या शेवटच्या कार्डामागे व्हर्लीनने लिहिलेली नोंद अशी : सव्वीसपैकी चोवीस चर्चं यादीत परत. दोन चर्चांचे अर्ज मुदतीनंतर पोचले, ती वगळलेलीच. माउंट नेबो, यादीत क्रमांक पंधरा. काम सुरू सोमवार, १७ मार्च. पूर्ण शुक्रवार, ४ एप्रिल. ६ एप्रिल, पहिला रविवार : उपस्थिती एकाहत्तर.