काचेच्या पेटीतल्या बाळासाठी

खण्ण करून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती फिरत फिरत थांबलं. दुपारभर मुक्या असलेल्या घरात तो आवाज फार मोठा वाटला. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सुवर्णाने कूस बदलली.

"पाडलं ना? मम्मी झोपून राह्यली बे."

"तुह्याच कोपराचा धक्का लागला!"

"नाही झोपली मी," सुवर्णा म्हणाली. "काय करून राह्यल्या तुम्ही?"

ती उठली, कानाचा रुमाल सारखा केला आणि भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत आली. दोघी बहिणी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. मोठ्या पुष्पांजलीने जुन्या चित्रकलेच्या वहीचे कोरे कागद मधोमध दुमडून ठेवले होते. शेजारी मैद्याची खळ. पाच वर्षांच्या राखीने फ्रॉकचा ओचा रिकामा केला होता: तुरीची पिवळी फुलं, सीताफळीची पानं, सरकीसकट कापसाचं एक बोंड, पोपटाचं एक पीस.

"कार्ड," राखी म्हणाली. "बाळासाठी. पप्पा उद्या सोयाबीन घेऊन चिखलीले चालले ना, त्यांच्याजवळ देतो. बाळ पेटीत पडल्या पडल्या पाहीन."

सुवर्णाचा हात आपसूक छातीवर गेला. दूध आटावं म्हणून सासूबाई रुखमाबाईंनी तिथे जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधला होता. दूध ऐकत नव्हतं.

चिखलीच्या दवाखान्यातून ती रिकाम्या हाताने परतली, तेव्हा जीपमधून उतरायच्या आधीच रुखमाबाई नातींना सांगून बसल्या होत्या की बाळ लहानसं आहे, डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवलंय. ते अगदीच खोटंही नव्हतं. पेटी होती, बाळही होतं तिच्यात. फक्त पुढचं कुणी बोललं नाही. "लेकरायले काय सांगाव? समजन हळूहळू," असं म्हणत दिवस गेले. नवरा, ज्ञानेश्वर, उजाडताच शेतात निघून जायचा, आणि सुवर्णा भिंतीकडे तोंड करून पडायची.

आज मात्र सांगायलाच हवं होतं. कार्ड तयार झालं की ते ज्ञानेश्वरच्या हातात जाणार, आणि ते हातात धरून त्या माणसाने काय करावं? ती मुलींजवळ खाली बसली.

"पुष्पे, राखी, ऐका..."

"अवं, ओल्या बाळंतिणीनं फरशीवर बसू नये, वारा लागन!" स्वयंपाकघरातून रुखमाबाई सवयीने ओरडल्या. मग तिकडची भांडी एकदम थांबली. 'बाळंतीण' हा शब्द खोलीत नुसताच उभा राहिला. थोड्या वेळाने नळ सोडल्याचा आवाज आला.

राखीने बोंडातला कापूस ओढून कागदावर दाबला.

"ढग हाय का हा?" सुवर्णाने विचारलं.

"ढग काऊन असन? टोपरं हाय ते बाळाचं." राखी उठून अंगणात पळाली आणि कडुनिंबाची एक डहाळी ओढत आली. "याची झालर करू. मी झाली तवा आजीनं दाराले निंब बांधला होता, तिनंच सांगतलं."

"निंब नको," पुष्पांजली म्हणाली.

"काऊन?"

"नको म्हणलं ना!" तिने डहाळी हिसकावली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली.

राखीने भोकाड पसरलं आणि ती आजीकडे पळाली. आतून रुखमाबाईंचा आवाज येत राहिला, "उगी माय उगी, लय बदमाश हाय ते पोट्टी."

"बहिणीच्या हातातलं असं फेकतात का?" सुवर्णा म्हणाली.

पुष्पांजली बोटांवर वाळलेली खळ खरवडू लागली. तिचे पापुद्रे तिने एका ओळीत मांडले. मान वर न करताच म्हणाली,

"तुह्या आधी पप्पा एकटेच आले होते. दारातच उभे राह्यले. आजीनं हातात निंबाचा पाला देला. पप्पांनी चावला, थुकला, मंग पाय धुतले. आबा वारले तवा सगळ्यायनं असंच केलं होतं."

ते दार, तो पाला सुवर्णाने पाहिलाच नव्हता. तेव्हा ती दवाखान्यातच होती.

"मंग बोलली काऊन नाही पुष्पे?"

"तुम्ही सगळे बाळ पेटीत हाय म्हणे. मले वाटलं, मी बोलली तं तू रडशीन."

सुवर्णाने तिला ओढून जवळ घेतलं. ब्लाउज पट्ट्याखाली पुन्हा भिजला. मुलीला ते ओलं लागलं असावं. ती हलली नाही, श्वास धरून तशीच राहिली. आत राखीचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं.

"आता हे राहू दे, माय," सुवर्णा म्हणाली. "सांगू आपण राखीले. दोघी मिळून सांगू."

"राहू कसं देऊ? अर्धं झालं." पुष्पांजली बाजूला झाली. तुरीचं एक फूल तिने खळीत बुडवून कापसाच्या टोपऱ्याखाली नीट चिकटवलं, अंगठ्याने दाबून धरलं. मग कार्ड उघडून गुडघ्यावर ठेवलं आणि स्केचपेनचं टोपण दातांनी काढलं.

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं.

"मम्मी, बारसं तं झालंच नाही. नाव काय लिहू?"