रविवारपासून उघडं

रविवारी वीज गेली, तासाभराने आली, आणि तेव्हापासून मिग्दालियाच्या कॉम्प्युटरवरची जुनीपुराणी फायरवॉल चालू व्हायलाच तयार नव्हती. मशीन लावलं की तोच लाल चौकोन: संरक्षण सेवा सुरू करता आली नाही. तीन दिवसांत तिने मशीन वीस वेळा तरी बंद-चालू केलं असेल. मंगळवारी दुपारीही तेच.

कारण होतं 'मालिका' नावाच्या फोल्डरमध्ये. हवानातल्या त्यांच्या गल्लीत घराघरांतले कॉम्प्युटर जोडणारी तार ओढलेली होती आणि प्रत्येक घर आपल्या टीव्ही मालिकांचं फोल्डर शेजाऱ्यांसाठी ठेवायचं. कुणी आत डोकावलं की फायरवॉल विचारायची, येऊ देऊ का? मिग्दालियाला उघडता यायचं ते हे एवढंच फोल्डर, म्हणून शनिवारी पेनड्राइव्हवर हातोहात आलेलं लेकीचं पत्रही तिने त्यातच ठेवून दिलं. लेक लियानेत ही डॉक्टर, सरकारने तिला परदेशात, काराकासला कामावर पाठवलेलं. गुरुवारी पहाटे ती तिथून गुपचूप सीमा ओलांडून पळून जाणार होती. वाट, वेळ, सोबत कोण, सगळं पत्रात होतं. गुरुवारपर्यंत सगळ्यांना 'नाही' म्हणत राहायचं, एवढाच मिग्दालियाचा बेत होता. भाबडी बाई. विचारणारी फायरवॉलच बंद पडली आणि फोल्डर सगळ्यांना उघडं झालं.

तार उपटावी, तर मागच्या तीन घरांची तार तिच्याच मशीनमधून पुढे जात होती. ती तुटली की गल्ली दारात येणार. लेकीचं पत्र पुसायला मन होत नव्हतं, पण शेवटी तिने तेच ठरवलं, आणि मशीनने उत्तर दिलं: ही फाइल दुसरं कुणीतरी उघडून बसलं आहे.

ती तशीच चपला न घालता समोरच्या बासिलिओकडे धावली. बासिलिओ म्हातारा रेडिओ-दुरुस्तीवाला, पण गल्लीतले कॉम्प्युटरही त्याच्याच हाती.

"अगं, मालिकेसाठी एवढा जीव टाकतात का?" तिच्याकडे येऊन मशीनपुढच्या खुर्चीत बसत तो म्हणाला. "कॉफी तरी ठेव."

ती जागची हलली नाही. तो कुठे काय उघडतो, ते बघत खुर्चीमागे उभी राहिली. बासिलिओने फायरवॉल काढून पुन्हा बसवली. लाल चौकोन. सेवा हाताने चालू करून पाहिली. लाल चौकोन. मग चष्मा कपाळावर सरकवून तो पडद्याच्या कोपऱ्यात बघत राहिला.

"ही कुणी बसवली?"

"मेहुण्याने."

"बेरकी आहे. एका महिन्याची फुकटातली फायरवॉल. महिना संपू नये म्हणून पठ्ठ्याने मशीनची तारीख दोन हजार नऊच्या मार्चमध्ये बांधून ठेवली. पाच वर्षं तुझ्याकडे मार्चच चाललाय, बाई." तो हसला. "तारीख लक्षात ठेवणारा आतला सेल मेलाय. वीज गेली तशी तारीख दोन हजार दोनवर घसरली. फायरवॉलच्या हिशेबाने तिचा अजून जन्मच झालेला नाही. चालू कशी होणार?"

त्याने तारीख पुन्हा मार्चमध्ये नेली. लाल चौकोन गेला. आणि लगेच दुसरा चौकोन उघडला: 'क्लोतिल्दे' नावाचं मशीन 'मालिका' उघडू पाहत आहे. येऊ देऊ का?

क्लोतिल्देबाई गल्लीच्या समितीच्या प्रमुख. कुणाकडे कोण आलं, कोण गेलं, ते वर कळवणं हेच त्यांचं काम. मिग्दालियाने बासिलिओच्या खांद्यावरून हात घालून 'नाही' दाबलं. चौकोन पुन्हा आला. तिने पुन्हा 'नाही' दाबलं. बासिलिओने एकदा तिच्याकडे पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि निघून गेला.

तिने पत्र पुसलं. ते उघडून बसलेलं मशीन आता बाहेर राहिलं होतं, म्हणून या वेळी पुसलं गेलं. पण आता त्याचा काय उपयोग? वाचणारीने वाचलं होतं. लेकीला पकडून आणतील, पुन्हा कधी डॉक्टर म्हणून उभी राहू देणार नाहीत, आणि हे सगळं आईच्या मूर्खपणामुळे. तिला रडूही येईना.

दहाच मिनिटांत दार वाजलं. क्लोतिल्देबाई उन्हातून चालत आल्या होत्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"कालचा भाग उघडत नाहीये तुझा."

"मशीन बिघडलंय, बाई."

"रविवारपासून उघडं होतं. आता बिघडलं होय?" त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये म्हणून मी ते पत्र उघडून धरून ठेवलं होतं. वाचलं मात्र मी."

मिग्दालियाने दाराची चौकट धरली. "बाई, माझ्या पोरीला..."

"गप्प बस. मला वर लिहून कळवावं लागेल. नाही लिहिलं आणि दुसऱ्या कुणी लिहिलं, तर माझा नातू विद्यापीठातून बाहेर." त्यांचा आवाज बारीक झाला होता; त्यासुद्धा घाबरल्या होत्या. "मी गुरुवारी दुपारी लिहीन. त्याच्या आत नाही, त्याच्या पुढेही नाही. पोरीला म्हणावं, पहाटे म्हणजे पहाटेच."